बाटली सिंकमध्ये ओतण्याआधी

दिवाळी अंकात दारूवर लेख म्हणजे फराळाच्या ताटात गुळवेलीचा काढा, याची मला कल्पना आहे. पण गेली दोन वर्षं मंडळाच्या जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमात कुणी ना कुणी मला बाजूला घेऊन हळूच विचारतं, "तुम्ही ते व्यसनवाल्यांचं काम करता ना? त्याला काय शिक्षण लागतं हो?" विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना खरंच ते काम करायचं असतं. उरलेल्या निम्म्यांना दुसरंच काहीतरी विचारायचं असतं, पण तोंडातून हा प्रश्न बाहेर पडतो. हा लेख दोघांसाठीही आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. आमच्या केंद्रात येणाऱ्या कुणाचीही हकिकत यात नाही, नाव-गाव बदलूनसुद्धा नाही. इथला आपला समाज इतका लहान आहे की 'नागपूरकडचे, दोन मुली, आयटीत' एवढं म्हटलं तरी चार जण ओळखतात. जी एक हकिकत सांगणार आहे ती माझ्याच घरातली आहे. ज्याची आहे त्याने लेख वाचून होकार दिला आहे.

माझा आतेभाऊ लेस्टरला राहतो. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. पाच वर्षांपूर्वी एका शुक्रवारी रात्री वहिनींचा फोन आला. दादा रोज अर्धी बाटली व्हिस्की पितो, सकाळी हात थरथरतात म्हणून ऑफिसला जायच्या आधीही थोडी घेतो, आता काय करू, असं विचारत होत्या. मी काय करावं? गाडी काढली, मध्यरात्री त्यांच्या घरी पोचले, कपाटातल्या, गॅरेजमधल्या, वॉशिंग मशीनमागच्या सगळ्या बाटल्या सिंकमध्ये रिकाम्या केल्या आणि दादाला देवासमोर बसवून शपथ घ्यायला लावली. तो बिचारा रडला, त्याने शपथ घेतली. मला फार कर्तबगार वाटलं. शनिवारी संध्याकाळी त्याला दरदरून घाम सुटला, हात चहाच्या कपावर ठरेनात. मी म्हटलं, "शरीर साफ होतंय, सहन कर." रविवारी पहाटे त्याला फिट आली.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, एकदम बंद करायला कुणी सांगितलं? वहिनींनी माझ्याकडे पाहिलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

रोज भरपूर पिणाऱ्याच्या मेंदूने दारू गृहीत धरलेली असते. तिच्या गुंगीला तोंड देण्यासाठी तो सतत जास्त जोराने काम करत असतो. दारू एकदम काढून घेतली की तो जोर तसाच राहतो. आधी कंप, घाम, झोप उडणं, मग काहींना फिट, आणि साधारण दोन-तीन दिवसांनी भ्रम, भास, तीव्र गोंधळ. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस जाऊ शकतो. म्हणून सकाळी हात थरथरणाऱ्या माणसाने दारू बंद करायची ती वैद्यकीय देखरेखीखाली, क्लोरडायझेपॉक्साइडसारखं औषध आणि बी-१ जीवनसत्त्व घेत, किंवा जाणकाराच्या सल्ल्याने हळूहळू कमी करत. हे व्यसनमुक्तीच्या कामात पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी ते माझ्या भावावर प्रयोग करून शिकले.

दादा वाचला. मी मात्र वर्षभर स्वतःवर चिडलेली होते. मग लायब्ररीच्या फलकावर एक कागद दिसला. व्यसनाधीनांना मदत करणाऱ्या एका संस्थेला स्वयंसेवक हवे होते. मी अकाउंट्सची बाई, वय एक्कावन्न, मानसशास्त्राशी संबंध शून्य. तरीही घेतलं. अर्ज, मुलाखत, दोन रेफरन्स, आणि एन्हान्स्ड डीबीएस, म्हणजे पोलीस रेकॉर्डची सखोल तपासणी. (जुना गुन्हा असला म्हणजे दार आपोआप बंद होतं असं नाही. स्वतः व्यसनातून बाहेर आलेल्या अनेकांचा काहीतरी इतिहास असतोच, आणि या क्षेत्राला ती माणसं हवी असतात.) पदवी कुणी विचारली नाही.

प्रशिक्षणाची सुरुवात माझ्या आवडीच्या विषयाने झाली: हिशेबाने. इंग्लंडमध्ये दारू युनिटमध्ये मोजतात. एक युनिट म्हणजे १० मिलीलिटर शुद्ध अल्कोहोल. बाटलीवरची टक्केवारी गुणिले मिलीलिटर, भागिले हजार, की युनिट निघतात. व्हिस्कीची ७०० मिलीलिटरची ४० टक्क्यांची बाटली म्हणजे २८ युनिट. चार टक्क्यांच्या बिअरचा एक पाइंट म्हणजे सव्वादोनच्या थोडं वर. २०१६ पासून इथल्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांचा सल्ला असा आहे की स्त्री असो की पुरुष, आठवड्याला नियमितपणे १४ युनिटच्या वर जाऊ नये. म्हणजे दादा आठवड्याची मर्यादा रोज रात्री गाठत होता. मंडळाच्या कार्यक्रमात हॉलमध्ये दारूला बंदी असते म्हणून कार पार्कमध्ये गाडीच्या डिकीत जो बार भरतो, तिथे ओतला जाणारा 'एक छोटा' प्रत्यक्षात किती युनिटचा असतो, हे एकदा मापाच्या पेल्याने मोजून पाहा. मी मोजून पाहिलं आहे. तेव्हापासून डिकीजवळ मला कुणी बोलावत नाही.

मग आलं 'ऑडिट'. मी खूश झाले, पण हे आमचं ऑडिट नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली ही दहा प्रश्नांची चाचणी आहे. किती वेळा पिता, एका वेळी किती, सुरू केल्यावर थांबता आलं नाही असं किती वेळा झालं, प्यायल्यामुळे आदल्या रात्रीचं काही आठवत नाही असं झालं का, वगैरे. गुण शून्य ते चाळीस. आठ किंवा जास्त म्हणजे धोक्याचं पिणं, वीस किंवा जास्त म्हणजे शरीर-मन दारूवर अवलंबून असण्याची शक्यता. प्रश्न वाचून दाखवायला पाच मिनिटं लागतात. ते न दुखवता, भुवई न उचलता विचारायला शिकायला मला चार महिने लागले. सांगितलेला आकडा साधारणपणे खऱ्यापेक्षा कमी असतो हेही तिथेच कळलं. त्यात फसवणूक कमी आणि लाज जास्त असते.

सगळ्यात अवघड गेलं ते ऐकणं. १९८३ मध्ये विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग' नावाची पद्धत मांडली आणि पुढे स्टीफन रॉलनिक यांच्यासोबत ती वाढवली. आज व्यसनांच्या क्षेत्रातला कुठलाही अभ्यासक्रम तिच्याशिवाय पुरा होत नाही. सोडावंसं वाटणं आणि सोडवत नसणं ही दोन्ही मनं एकाच माणसात असतात. तुम्ही सोडण्याची बाजू घेऊन भांडायला लागलात, की तो आपोआप दुसऱ्या बाजूने भांडायला लागतो. समोरच्याचं चुकतंय ते लगेच दुरुस्त करण्याची आपल्याला जी ऊर्मी येते, तिला या पद्धतीत वेगळं नावच आहे. आपल्या समाजात त्या ऊर्मीला 'आपुलकी' म्हणतात, हा माझा अनुभव.

सरावात एक सहकारी पिणारा झाला, मी कार्यकर्ती. तो म्हणाला, "बायको उगाच कटकट करते." मी ताबडतोब म्हटलं, "पण तिचं बरोबरच आहे ना!" प्रशिक्षकाने थांबवलं. दुसऱ्यांदा मी उपाय सुचवला: "तिला बाहेर जेवायला घेऊन जा." पुन्हा थांबवलं. तिसऱ्यांदा गप्प बसले, तर चेहऱ्यावर सगळं दिसत होतं म्हणे. शेवटी जमलं ते असं: "घरी यावरून सारखे वाद होतात, आणि त्याचा तुम्हालाही कंटाळा आलाय." बस, एवढंच. तो सहकारी नाटक विसरून खरंच दोन मिनिटं गप्प झाला. दहा मिनिटांच्या त्या ध्वनिमुद्रणात सात मिनिटं मीच बोलत होते, हे मला मोजून दाखवलं गेलं.

दारूखेरीजही बरंच होतं. हेरॉइनसारख्या ओपिऑइडच्या अतिसेवनात बुबुळातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, ओठ निळे पडतात, श्वास घोरल्यासारखा आणि मंद होतो. अशा वेळी ९९९ ला फोन करायचा आणि नॅलॉक्सोन द्यायचं. ते नाकात मारायच्या फवाऱ्यातही मिळतं. त्याचा असर हेरॉइनच्या आधी उतरू शकतो, म्हणून माणूस उठून बसला तरी त्याला एकटं सोडायचं नाही. हे शिकायला तासभर पुरतो. आणि आईबाबांनो, पार्कात पडलेल्या त्या छोट्या चंदेरी नळकांड्या क्रीम फेटायच्या असल्या तरी पार्कात त्या त्यासाठी येत नाहीत. फुग्यातून ओढायचा तो नायट्रस ऑक्साइड, नोव्हेंबर २०२३ पासून तो क वर्गातला अमली पदार्थ आहे. सततच्या वापराने बी-१२ जीवनसत्त्वाचं काम बिघडून पायातली शक्तीही जाऊ शकते. मुलांना हे माहीत असतं, आपल्याला नसतं.

आता मूळ प्रश्न, शिक्षणाचा. इंग्लंडमध्ये 'ड्रग अँड अल्कोहोल वर्कर' किंवा 'रिकव्हरी वर्कर' या नावाला कायद्याचं संरक्षण नाही, त्यासाठी सक्तीची एकच एक पदवीही नाही. २००२ साली या क्षेत्रासाठी राष्ट्रीय कार्यमानकं आली, त्यांना थोडक्यात 'डॅनोस' म्हणतात. कार्यकर्त्याला काय काय करता आलं पाहिजे याची ती मोजपट्टी. पुढचे अभ्यासक्रम तिच्याच आधाराने बेतले गेले. स्वयंसेवक म्हणून काही महिने काढले, संस्थेचं अंतर्गत प्रशिक्षण झालं, की पगारी जागेसाठी अर्ज करता येतो. पुष्कळ ठिकाणी नोकरीत घेऊन मग लेव्हल ३ चा डिप्लोमा करून घेतात. लेव्हल ३ म्हणजे ए-लेव्हलच्या बरोबरीची पायरी. त्यात तीन तासांचा पेपर नसतो. तुम्ही काम करत असताना परीक्षक शेजारी बसून पाहतो, आपण केलेल्या कामावर तुम्ही स्वतः टिपणं लिहिता, सहकारी साक्ष देतात, आणि या सगळ्याची एक फाइल तयार होते. आयुष्यभर पाठांतराच्या जोरावर पास झालेल्या माझ्यासारखीला ती फाइल पेपरपेक्षा कठीण गेली. 'त्या क्षणी तुम्ही असं का बोललात?' याचं उत्तर गाइडमध्ये नसतं.

समुपदेशनाची वाट वेगळी आणि लांब आहे. लेव्हल २, मग ३, मग ४ चा डिप्लोमा, आणि त्यात देखरेखीखाली किमान शंभर तास प्रत्यक्ष काम. गंमत अशी की 'काउन्सेलर' ही पाटीही इथे कुणीही लावू शकतं. म्हणून पैसे देऊन कुणाकडे जाणार असाल, तर ती व्यक्ती बीएसीपीसारख्या मान्यताप्राप्त नोंदवहीत आहे का ते आधी पाहा. रजिस्टर्ड नर्स, सोशल वर्कर, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट या नावांना मात्र संरक्षण आहे, त्यासाठी नोंदणी लागतेच. ज्यांची मुलं मानसशास्त्र घेऊन पदवीधर झाली आहेत आणि 'आता पुढे काय' म्हणून घरात बसून आहेत, त्यांनी लक्ष द्यावं. डॉक्टरेटच्या प्रवेशात प्रत्यक्ष कामाचा अनुभव बघतात, आणि अशा केंद्रातलं एक वर्ष तिथे मोलाचं ठरतं. भारतातली एमएसडब्ल्यू किंवा मानसशास्त्राची पदवी असेल तर यूके एनिककडून तिची इथली बरोबरी लेखी मिळवता येते. व्हिसावर असाल तर स्वयंसेवेच्या अटी आधी वाचा.

माणसांची गरज आहे हे नक्की. डेम कॅरल ब्लॅक यांनी सरकारसाठी केलेल्या पाहणीचा दुसरा भाग जुलै २०२१ मध्ये आला. एकेका कार्यकर्त्याकडे ५० ते ८०, कधी १०० जणांपर्यंत प्रकरणं आहेत, असं त्यात नोंदवलं होतं. ती चाळीसच्या आत असावीत अशी अपेक्षा आहे. निधी आटल्यामुळे जाणती माणसं निघून गेली आणि प्रशिक्षण मागे पडलं, हा त्या अहवालाचा एक प्रमुख निष्कर्ष. त्याच वर्षी डिसेंबरात दहा वर्षांचं धोरण आणि उपचारांसाठी तीन वर्षांत ७८ कोटी पौंड वाढीव जाहीर झाले. तरीही आमच्या केंद्रात आठवड्याचा तक्ता भरताना ओढाताण होतेच.

'पण तज्ज्ञ नसलेल्या माणसाच्या बोलण्याने काय होणार?' हा प्रश्न मला आपल्याकडच्या डॉक्टर मंडळींकडून हमखास येतो. त्यांना मी गोव्यात पाठवते. तिथे 'संगत' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मानसोपचाराचं कुठलंही व्यावसायिक शिक्षण नसलेली स्थानिक माणसं निवडून त्यांना प्रशिक्षण दिलं, आणि घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी एक ते चार बैठकांत बोलायला बसवलं. बोलण्याची घडण त्याच मोटिव्हेशनल पद्धतीतली. एकूण ३७७ पुरुष होते. तीन महिन्यांनी ऑडिटचे गुण आठच्या खाली आलेले लोक समुपदेशन मिळालेल्या गटात ३६ टक्के, नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात २६ टक्के निघाले. मागच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले ४२ टक्के विरुद्ध १८ टक्के. हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. हे समुपदेशक त्याच भागातले होते, तिथलीच भाषा बोलणारे. ही चमत्काराची आकडेवारी नाही, हे मी हिशेबनीस म्हणून सांगते. पण साध्या माणसाने शिकून केलेलं काम मोजता येतं, एवढं त्यातून दिसतं.

पुण्याचं मुक्तांगण तुम्हाला माहीत असेलच. अनिल अवचटांनी गर्दवर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला, आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांनी केंद्र उभं केलं. तिथे उपचार घेतलेली माणसंच पुढे तिथले कार्यकर्ते होत गेली. आज इंग्लंडात 'लिव्हड एक्स्पीरियन्स' म्हणून ज्याचा गौरव होतो ते हेच. ज्याचं जळतं त्याला कळतं. मात्र ज्याला कळलंय तो 'मी असं सोडलं, तूही तसंच सोड' म्हणायला फार लवकर लागतो. त्यामुळे त्यालाही माझ्याइतकंच गप्प बसायचं प्रशिक्षण लागतं.

भाषेचं म्हणाल तर मला ही एक गोष्ट फार उशिरा जाणवली. इंग्रजीतला 'क्रेव्हिंग' हा शब्द मी वर्षभर वापरत होते. एकदा फोनवर वहिनी सहज म्हणाल्या, "संध्याकाळी सहाला त्यांना तलफ येते." तलफ! ती येते, आणि काही वेळाने जाते. प्रशिक्षणात तासभर आलेख काढून शिकवलं होतं ते या एका क्रियापदात होतं. आपण 'त्याला दारू लागली' म्हणतो, जशी तहान लागते, ठेच लागते. त्यात दोष देणं नाही. त्याच माणसाला 'दारुडा' म्हणालो की तो दुसऱ्या वाक्यात कैद होतो. चाळीस वर्षं इथे राहिलेला, मीटिंगमध्ये फर्डं इंग्रजी बोलणारा माणूसही लाज मराठीतच बाळगतो. आणि ज्यांना इंग्रजी नीट येत नाही अशा आजी-आजोबांच्या वतीने अपॉइंटमेंटला नातवंड दुभाषी म्हणून येतं. बारा वर्षांच्या मुलीने आजोबा किती पितात याचं भाषांतर करावं का? केंद्राकडे व्यावसायिक दुभाषी मागता येतो, त्याचे पैसे लागत नाहीत.

"पण तुमच्याकडे आलो तर मंडळात कळेल ना?" हा खरा प्रश्न, ज्यासाठी पहिला प्रश्न विचारला जातो. नाही कळणार. गोपनीयता हा प्रशिक्षणातला सगळ्यात कडक भाग आहे. लहान मूल धोक्यात असेल किंवा कुणाच्या जिवाला गंभीर धोका असेल तरच माहिती योग्य ठिकाणी पोचवावी लागते, आणि हे पहिल्याच भेटीत समोर सांगितलं जातं. ओळखीचा माणूस आला तर मला ते वरिष्ठांना सांगावं लागतं आणि तो दुसऱ्या कार्यकर्त्याकडे जातो. त्याची फाइल मला उघडता येत नाही. इंग्लंडमध्ये ही सेवा तुमच्या काउन्सिलमार्फत मिळते, ती मोफत आहे, आणि जीपीच्या चिठ्ठीची गरज नाही. काउन्सिलचं नाव आणि 'ड्रग अँड अल्कोहोल सर्व्हिस' एवढं शोधलं की फोन नंबर मिळतो. पिणारा माणूस यायला तयार नसला तरी घरच्यांनी स्वतःसाठी मदत मागता येते, हे वहिनींना तेव्हा माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

दादा मधे दोनदा घसरला. दोन्ही वेळा मी गाडी काढली नाही, फोनवर ऐकलं. गेल्या मार्चला त्याला दोन वर्षं झाली. लेखाचा कच्चा खर्डा त्याला पाठवला, तर त्याने एकच दुरुस्ती सुचवली. म्हणाला, "अर्धी बाटली लिहिलीयस. पाऊण होती." तेव्हा वरचा आकडा १४ ऐवजी २१ युनिट असा वाचावा.